राहिलेलं माप

इब्रा, आज बारावा दिवस.

तुमच्यात बारावं नसतं, हे मला ठाऊक आहे. पण दिवस मोजायची सवय माझ्या घरची, ती तुझ्यासाठी कशी बदलणार? तिसऱ्या दिवशी तुझ्या घरी जियारत झाली, सगळे तुझ्यासाठी कुराण वाचायला जमले, तेव्हा मी मागच्या भिंतीला टेकून बसलो होतो, अंगात तू शिवलेला आकाशी शर्ट. मी पडलो पाट्या रंगवणारा. चार-पाच शब्दांच्या पलीकडे लिहायची वेळ जन्मात आली नाही. त्यामुळे इथे काही वेडंवाकडं झालं तर हसून घे. तुझं ते नाकातून हसणं ऐकायला मी आत्ता काहीही देईन.

तू दुकानातच गेलास. बोईसरच्या त्या गाळ्यात, मशीनवर, सुईखाली कोणाची तरी अर्धी शिवलेली पँट. मशीनवर डोकं टेकलेलं बघून गिऱ्हाइकाला वाटलं, मास्तरांना डुलकी लागली. तो बिचारा दहा मिनिटं बाकावर गुपचूप बसून राहिला. मी घिवलीहून पोचेपर्यंत तुला तारापूरला घरी नेलं होतं. संध्याकाळी आंघोळ घालून तुला पांढऱ्या कफनात गुंडाळलं. त्या कपड्याला कुठे शिवण नव्हती. अख्ख्या बोईसरचे खांदे आणि कंबरा मोजलेला तू, आणि तुला कोणी टेप लावली नाही. मीसुद्धा तीन मुठी माती टाकली. हात धुतले, तरी ती नखांत राहिली, आणि मी दोन दिवस ती काढली नाही.

जियारतीच्या दुसऱ्या दिवशी तुझा अस्लम माझ्याकडे आला. हातात काळ्या कडाप्प्याचा हातभर तुकडा. अब्बांच्या कबरीच्या उशाशी लावायचा आहे म्हणाला, आणि अक्षर दत्ताकाकांचंच हवं. फ्लेक्सच्या जमान्यात मला असलं काम सांगतो कोण? मी दगड ओल्या फडक्याने पुसला, मांडीवर घेतला आणि खडूने रेघा मारायला लागलो. तेव्हा त्याने विचारलं, "काका, नावाआधी हाजी लिवायचं का नाय?"

मी म्हटलं, हजला जाऊन आलेला माणूस, न लिहायला काय झालं? त्याने दगडाच्या कडेची धूळ बोटाने पुसली. मग म्हणाला, "अम्मी बोलते, ते तुमच्या हातात हाय. तुमाला घरी बोलावलंय."

एक शब्द, दोन अक्षरं. तुझ्या कबरीवर ती दोन अक्षरं असणार की नसणार, हे मी ठरवायचं. मी, घिवलीचा दत्ता पेंटर, ज्याला तुमच्या धर्मातलं ईदच्या शिरखुर्म्यापलीकडे फारसं काही कळत नाही. तुला कारण माहीत होतं. मला नव्हतं. म्हणून आधी मागचं सांगतो.

दोन वर्षांपूर्वी तू हजला निघालास त्याआधीचा आठवडा तू घरोघर फिरत होतास. बोललं-चाललं माफ करा, चूकभूल पोटात घाला. शेजारी, भाऊबंद, जुने कारागीर, ज्या गिऱ्हाइकाची पँट आखूड झाली होती तोसुद्धा. मला नवल वाटलं होतं. तू म्हणालास, अल्लाचं देणं अल्ला बघेल, माणसाचं मात्र माणसानंच सोडावं लागतं, त्याशिवाय तिकडे जायला तोंड नाही. आणि रविवारी दुपारी स्कूटर घेऊन माझ्या ओट्यावर आलास.

आता इथे आपल्या जिभेची गोष्ट सांगायला हवी. तारापूरच्या शाळेत आपण एका बाकावर बसायचो, आणि आपल्या दोघांच्या तोंडात फ टिकायचा नाही. फळ्याला आपण पळा म्हणायचो. "बाई, पळ्यावर काय लिवू?" असं तू विचारलंस की बाई म्हणायच्या, पळा दोघं वर्गाबाहेर. पुढे गिऱ्हाइकांशी बोलून तुझा फ सुधारला, पण माझ्याशी बोलताना तू पुन्हा त्याच बाकावर जाऊन बसायचास. त्या दुपारी तू चप्पल काढलीस, पाणी प्यायलास, आणि म्हणालास, "दत्त्या, मला माप कर."

मला कळलं नव्हतं असं नाही रे. कळलं होतं. पण तुझं तोंड इतकं गंभीर होतं की मला ते बघवेना. मी उठून उभा राहिलो, दोन्ही हात आडवे पसरले आणि म्हणालो, "माप तू घ्यायचं, मी कशाला? घे, शर्ट विरलाय माझा."

तू हसला नाहीस. म्हणालास, तसलं नाय, कोणाच्या पाठी आपण काय बोललेलो असतो, तसं तुझ्या पाठी मी. तुला मी वाक्य पुरं करू दिलं नाही. दोस्तात कसली माफी, असली नाटकं मशिदीत कर, माझ्याकडे चहा घे. माझे हात तसेच पसरलेले. तू माझ्या हातांकडे बघितलंस. मग खिशातून टेप काढलीस, ती तुझ्या खिशात नेहमीच असायची, आणि खरंच माप घेतलंस. छाती, खांदा, बाही, गळा. गळ्यापाशी तुझा हात जरा थांबला. मला वाटलं, एवढ्या लांब निघालाय, जीव भरून आला असेल. तू गेल्यावर मी बायकोला, सुमनला, दोनदा सांगितलं, आमची दोस्ती बघ, माफीची गरज लागत नाही. अशी अक्कल पाजळली मी.

तू तिकडे होतास त्या दिवसांत मी तुझा बोर्ड नवा केला. समोरचा फ्लेक्सवाला म्हणाला, अर्ध्या तासात छापून देतो. मी म्हटलं, तुझ्या दुकानाचा छाप, याचा मी हाताने लिहिणार. गुडघे दुखत असताना तीन दिवस शिडीवर चढलो. 'इब्राहिम टेलर्स' होतं तिथे आधी 'हाजी' बसवलं, पिवळ्यावर लाल, खाली काळी सावली. माझ्या आयुष्यातलं ते सगळ्यात देखणं काम असेल.

तू आलास. तेलकट खजूर, मक्केतल्या झमझम विहिरीचं पाणी, केस कापलेलं डोकं. गळ्यात हार, मागे दहा माणसं. दुकानासमोर थांबून तू वर बघितलंस आणि माझ्याकडे हात पुढे केलास. मला वाटलं मिठी मारणार. तू टर्पेंटाईन मागितलंस.

"पूस ते," म्हणालास. "आजून झालो नाय मी."

त्या दहा माणसांसमोर माझा पार कचरा झाला. मी म्हटलं, जाऊन आलास ना, मग झाला नाहीस म्हणजे काय? डॉक्टर होतो तो डॉक्टर लावतो, वकील होतो तो वकील. तू म्हणालास, रोजे धरले तेव्हा रोजेदार लिहिलंस का बोर्डावर? आणि डॉक्टर परीक्षा पास होतो, माझा निकाल लागलाय काय? मी चिडून विचारलं, तो कोण लावतो? तू बोट वर दाखवलंस. "थोडा तिथं लागतो," म्हणालास, आणि मग माझ्याकडे बघून, "थोडा हितं." मी ते नीट ऐकलंसुद्धा नाही. चिंधी आणि बाटली तुझ्या बाकावर आपटली आणि शेअर रिक्षात बसलो. दुसऱ्या दिवशी कळलं, तू स्वतः स्टुलावर चढून ती अक्षरं पुसलीस. पण पिवळ्यावर लाल बसलं की सगळं निघत नाही. नीट बघितलं तर 'हाजी' अजून तिथे दिसतं.

पाच महिने मी तुझ्याशी बोललो नाही. या पाच महिन्यांचं काय करू, सांग. मला वाटायचं, तू मोठेपणा नको म्हणण्याचा मोठेपणा करतोस. मशिदीत, बाजारात लोक तुला हाजीसाब म्हणायचे, तू म्हणायचास, इब्राहिम बोला. कारखान्यातली यूपीची पोरं म्हणायची, हाजीजी, कमर थोड़ी ढीली कर दो, त्यांनाही तू तेच सांगायचास, खाली मान घालून. तुझ्याबरोबर जाऊन आलेल्या दुसऱ्या माणसाला मात्र तू न चुकता हाजी म्हणून हाक मारायचास. दुसऱ्याचा मान तू कधी कमी केला नाहीस. मी म्हणायचो, बघा, साधू झालाय. माझ्या मापाचा आकाशी शर्ट तू अस्लमबरोबर पाठवलास, तो मी घडी न मोडता कपाटात टाकला.

शेवटी तूच आलास, पुन्हा रविवारी, पुन्हा ओट्यावर. सुमनने बोंबलाचं कालवण केलं होतं. तू जेवलास आणि मीठ जास्त आहे म्हणालास, आणि मला एकदम बरं वाटलं. पाच महिने असं कोणी म्हणालं नव्हतं. त्या दिवशी तू तिकडच्या गोष्टी सांगितल्यास. अंगावर दोन पांढऱ्या चादरी, बिनशिवणीच्या. मी म्हटलं, म्हणजे टेलरचा धंदाच बसला. तू म्हणालास, "लाखो मानसं, दत्त्या, आनि कोनाचं माप घेतलेलं नाय. सगळे सारखे." मग समुद्राकडे, अणुकेंद्राच्या चिमणीकडे बघत बसलास. निघताना स्कूटरला किक मारता मारता म्हणालास, आपलं त्या दिवसाचं माप राहिलंय. मी ओरडून उत्तर दिलं, शर्ट मिळाला की, आणखी कसलं माप? तू हात हलवून गेलास.

दोनदा, इब्रा. दोनदा तू माझ्या दारात येऊन मागितलंस आणि दोनदा मी विनोद केला.

अस्लमच्या मागोमाग मी तारापूरला गेलो. जुलेखावहिनी इद्दतीत आहेत, नवऱ्यामागे चार महिने दहा दिवस परक्या पुरुषासमोर यायचं नाही, म्हणून पडद्याआडून बोलल्या. मला त्यांचा नुसता आवाज येत होता आणि पडद्याखालून त्यांच्या पायाची बोटं दिसत होती. त्या पनवेलकडच्या, त्यांचा फ अगदी स्वच्छ आहे. म्हणाल्या, "दत्ताभाऊ, त्यांनी तुमच्याकडं माफी मागितली होती. तुम्ही दिली नाही." माफी. तो फ कानावर पडला आणि मी सरळ होऊन बसलो. मी म्हटलं, वहिनी, मी मस्करी केली हो. त्या म्हणाल्या, मस्करी होती हे त्यांनाही ठाऊक होतं.

मग त्यांनी सांगितलं. पंचवीस वर्षांपूर्वी मला औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात कायमचा पेंटर म्हणून घेणार होते. टाक्यांवर नंबर टाकायचे, धोक्याच्या पाट्या लिहायच्या. काम बघून झालं होतं, साहेब खूश होता. तोच साहेब युनिफॉर्मचं माप द्यायला तुझ्याकडे आला. टेप त्याच्या छातीभोवती असताना त्याने सहज विचारलं, हा दत्ता पेंटर माणूस कसा आहे? तू म्हणालास, हात चांगला आहे, पण संध्याकाळी पितो. पुढच्या आठवड्यात मला सांगण्यात आलं की जागा भरली. तू दुकान बंद करून माझ्याबरोबर येऊन बसलास, त्या साहेबाला शिव्या दिल्यास, आणि हे सांगितलं नाहीस.

"ते खोटं नव्हते बोलले," वहिनी म्हणाल्या, "पण पाठीमागं बोलले. पाठीमागं बोललेलं ज्याचं त्यानंच माफ करायचं असतं. हजला अराफातच्या मैदानात लोक अल्लाचं नाव घेऊन रडत होते, हे मधेच तुमचं नाव घ्यायचे, आल्यावर त्यांनीच सांगितलं. मला म्हणाले, जुलेखा, दत्त्या त्याच्या तोंडानं बोलत नाही तोवर मी ते नाव लावणार नाही."

मला वाटलं होतं, हे ऐकून मी तिथल्या तिथे रडेन. नाही रडलो. चिडलो. घरी येईपर्यंत आणि पुढचे तीन दिवस मी तुझ्यावर इतका चिडलो होतो की दगडाकडे बघितलं नाही. मेलेल्या माणसावर चिडण्याइतकं वाईट काही नाही, तो समोर येऊन भांडतही नाही. ती नोकरी हातात असती तर उन्हातान्हात शिड्यांवर चढलो नसतो, फ्लेक्स आल्यावर वर्षभर घरात बसलो नसतो, सुमनने लोकांच्या वाडीत चिकू उतरवले नसते. हे सगळं मी तुला मनात सुनावलं. आणि प्रत्येक वेळी शेवटी एकच वाक्य आडवं यायचं. पीतच होतो की मी. ताडीवर सुरुवात करून देशीवर संपवत होतो. टाकीच्या शिडीवर मी तसा चढलो असतो तर काय झालं असतं, हे तुला दिसत होतं, मला नव्हतं. तू खरं तेच बोललास. पण माझ्याशी बोलायला हवं होतंस, साहेबाशी नाही. यावर आपलं भांडण व्हायला हवं होतं, कडाक्याचं, आणि ते मीच होऊ दिलं नाही.

मग बटणं आठवली. नोकरी गेल्यावर मी जास्तच प्यायला लागलो होतो. दिवाळीनंतर एके दिवशी तू मला रस्त्यातून दंडाला धरून दुकानात नेलंस आणि पुढ्यात शर्टांचा गठ्ठा टाकलास. माझा कारागीर पळालाय, बटणं लाव. रोज संध्याकाळी, गुत्ता उघडायच्या वेळी, मी तुझ्या बाकावर बसून बटणं लावायचो. हात थरथरायचे, सुई बोटात जायची, तू उसवून परत द्यायचास. सात महिने. त्यानंतर आजपर्यंत मी थेंबाला शिवलो नाही. सगळ्यांना सांगत आलो, इब्राने मला वर काढला.

आता मी विचारतो, ते प्रेम होतं की भरपाई होती? मी परत दिलेल्या प्रत्येक शर्टाकडे बघताना तू मनात काय म्हणत होतास? चार दिवस हा प्रश्न घेऊन फिरलो. काल सुमनला विचारलं. ती कालवण ढवळत म्हणाली, "सात मयने कोन भरपाई करतो? बायका-पोरांसाटी बी कोन करीत नाय." आणि मला रडू आलं. बारा दिवसांत पहिल्यांदा, चुलीसमोर उकिडवा बसून, पोरासारखा. तुझ्यासारखा माणूस मला पुन्हा मिळणार नाही, आणि मिळाला होता तेव्हा मी हात पसरून थट्टा करत होतो.

आज सकाळी दगड उन्हात ठेवला आणि पांढरा रंग ढवळला. ब्रश हातात घेण्याआधी ते म्हणायचं होतं. मनातल्या मनात म्हणून चालणार नाही, तोंडाने म्हणायला हवं, हे वहिनींनी बजावलं होतं. या वयात मी फ घोटला. वरचे दात खालच्या ओठाला लावून, बाईंनी शिकवला होता तसा. दोनदा पच् झालं. तिसऱ्यांदा आला. मी म्हणालो, "इब्राहिम, तू माझ्या पाठीमागं जे बोललास ते मी माफ केलं." मोठ्याने म्हणालो. सुमन आतून बघून गेली.

मग लिहिलं. आधी 'हाजी', मग तुझं नाव. आडव्या रेघेला हात हलला नाही, तू असतास तर मान्य केलं असतंस. सावली दिली नाही, नुसतं पांढरं ठेवलं. रंग वाळतोय, आणि मी त्याच्या शेजारी बसून हे लिहितोय.

उद्या अस्लमबरोबर दगड लावायला येईन. तुझं काम झालं, इब्रा, निकाल लागला, इथला होता तेवढा तरी. माझं राहिलं. तू दोनदा आलास आणि मी तुला तोंड उघडू दिलं नाही, दोन वर्षं तुझं नाव अडवून धरलं, वर पाच महिने रुसून बसलो. त्याची माफी मी कोणाकडे मागू? तिथे सगळे निघाले की मी जरा मागे थांबणार आहे. आकाशी शर्ट घालून, दोन्ही हात आडवे पसरून, तुझ्या उशाशी. बघणाऱ्याला वाटेल म्हाताऱ्याचं डोकं फिरलं. वाटू दे.

हाजीसाब, आता तू मला माप कर.